आप्पांच्या वहीतली घट : पौषातली मुंबईवारी

पौषात आमच्याकडं कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जरा शांतता असते. लग्नाचे मुहूर्त नाहीत, त्यामुळं मंगळसूत्राची घाई नाही की साजाच्या पानांची ऑर्डर नाही. दरवर्षी गुरुपौर्णिमेला मी मला सोनारकाम शिकवणाऱ्या मुंबईच्या सगळ्यांना फोन करते, नमस्कार सांगते, दोन मिनिटं बोलते आणि परत कामाला लागते, आणि दरवर्षी वाटत राहतं की हे पुरेसं नाही, कारण ज्यांनी हातात हात धरून आरी (पत्रा कापायची बारीक करवत) चालवायला शिकवली त्यांना फोनवर काय सांगणार. म्हणून यंदा ठरवलं, जायचं, एकेकाच्या घरी जाऊन पाया पडायचं आणि आपण काय काम करतोय ते त्यांच्या हातात ठेवायचं. बॅगेत गूळ, चटणी, माझी एक ठुशी, एक अर्धी झालेली नथ, आणि बुधवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस.

गुरुवार

सकाळी सीएसएमटीला उतरले आणि टॅक्सीनं गिरगावात मावशीकडं. कोर्स करायला पहिल्यांदा आले तेव्हाही हीच चाळ, हाच जिना. मावशीनं पोहे केले होते, आंघोळ झाली आणि चालतच निघाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गिरगाव रोडला आता जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणतात. नाना शंकरशेट दैवज्ञ सोनार समाजातले, 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली त्या कामात त्यांचा मोठा वाटा. त्या रस्त्यावरनं चालताना मला अजूनही बरं वाटतं.

आधी मुंबादेवी. चांदीचा मुकुट, नाकात सोनं, गळ्यात हार. देवीपुढं उभं राहून मी नेहमी हात जोडायच्या आधी दागिन्यांकडं बघते, ती सवय इथल्याच लोकांनी लावली. मग बाहेर आलं की झवेरी बाजार. खालच्या मजल्यावर चकाचक शोरूम आणि वरच्या मजल्यांवर, अंधाऱ्या जिन्यांच्या टोकाला, जिथं खरं काम होतं ते कारखाने. रस्त्याकडेला घमेलावाले बसलेले, दुकानांसमोरचा आणि गटाराकडेचा कचरा धुवून त्यातनं सोन्याचा कण काढणारे. हे बघितल्याशिवाय आमचा धंदा कळत नाही. इथं धूळसुद्धा विकली जाते.

मला आरी शिकवणाऱ्या दादांचा कारखाना इथंच विठ्ठलवाडीत. दादा मेदिनीपूरचे, पोरवयात मुंबईला आले ते इथंच राहिले. बंगालचे कारागीर इथं हजारोंनी आहेत, जाळीकामाला आणि बारीक तारेच्या कामाला त्यांचा हात धरणारा मिळणं अवघड. एकच खोली, खाली मांडी घालून बसायची बुटकी डेस्कं, वर माळा, रात्री तिथंच झोपायचं, तिथंच जेवण शिजायचं. 2020 च्या लॉकडाऊनला अर्धी पोरं गावी गेली, त्यातली बरीच परत आली नाहीत असं दादा सांगत होते. आता धुराच्या तक्रारींमुळं महापालिकेनं या भागातली धुरांडी काढायला लावली, नवी मुंबईत महापेला ज्वेलरी पार्क होतंय, तिकडं जायचं का इथंच राहायचं हीच सगळ्यांची चर्चा. दादा म्हणाले, "हम तो इधर ही रहेगा, इधर मंदिर है."

मी जेव्हा शिकायला आले तेव्हा त्या खोलीत एकही बाई काम करत नव्हती. कारखान्याच्या शेठला पटत नव्हतं. दादांनी स्वतःची खिडकीजवळची जागा मला दिली आणि पोरांना एकदाच सांगितलं, "दीदी काम सीखने आई है," त्यानंतर कुणी एक वावगा शब्द काढला नाही. स्वतः ते आत, ट्यूबलाइटखाली जाऊन बसले. कारागिराच्या डोळ्याला उजेड म्हणजे काय असतो हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता रोज कळतं.

आरी त्यांनी शिकवली. जाळी कापायची तर पत्र्यावर आधी डिझाइन काढायचं, प्रत्येक घरात बारीक भोक पाडायचं, मग आरीचं पातं एका टोकाला सोडवून त्या भोकातनं घालायचं, परत ताणून बांधायचं, पात्याला थोडं मेण लावायचं आणि कापायला सुरुवात. पात्याचे दात खालच्या बाजूला, म्हणजे कापतंय ते फक्त खाली येताना. नवीन माणूस काय करतो तर पुढं ढकलतो, आणि पातं तुटतं. दादा मागं बसून माझं मनगट दोन बोटांनी हलकं धरायचे आणि म्हणायचे, "धक्का मत दो, आरी अपने आप जाती है." वळणावर पत्रा फिरवायचा, आरी नाही. आरी जागच्या जागी खालीवर चालू राहते आणि डाव्या हातानं पत्रा तिच्याभोवती सावकाश वळवायचा. आजही माझ्या कारखान्यात मी हे काम करते तेव्हा मनगटावर ती दोन बोटं असतात, मला खरंच जाणवतात.

दादांसाठी मी गूळ नेला होता. बंगालमध्ये पौषात पिठे करतात, खजुराच्या रसाचा नोलेन गूळ घालून, आणि मुंबईत त्यांना तो मनासारखा मिळत नाही, म्हणून इतकी वर्षं ते कोल्हापुरी गुळावर भागवतात. गुळाची ढेप त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि लगेच एका पोराला नारळ आणायला पिटाळलं. मी पाया पडायला वाकले तर आधी नको नको म्हणाले, मग डोक्यावर हात ठेवला. मग माझी ठुशी भिंगाखाली धरून बराच वेळ बघितली, पोरांना बोलावून दाखवली, "ये हमारी दीदी का काम." मी काहीच बोलू शकले नाही. येताना त्यांनी डबा भरून पिठे दिले, ते मावशीनं आणि मी रात्री खाल्ले.

शुक्रवार

गिरगावातनं आता भुयारी मेट्रोनं थेट सीप्झला, म्हणजे अंधेरीतल्या निर्यातीच्या कारखान्यांच्या वसाहतीत, जाता येतं, हे मला अजून खरं वाटत नाही. पूर्वी म्हणजे लोकल, मग अंधेरीला उतरून बस आणि गर्दीत अंगाचा चुराडा. सीप्झ 1973 ला इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झालं, हिरे आणि दागिन्यांचे कारखाने तिथं नंतर आले, आणि आज तिथनं जडावाचे दागिने परदेशी जातात. आत जायला पास लागतो म्हणून ताई जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर आल्या.

ताईंनी मला कास्टिंग शिकवलं. आधी मेणाचा दागिना, असे बरेच दागिने एका दांड्यावर चिकटवून झाड तयार करायचं, ते प्लास्टरमध्ये बसवायचं, भट्टीत मेण वितळून निघून गेलं की आत जी पोकळी राहते तिच्यात सोनं ओतायचं. हाताच्या कामातनं आलेल्या आमच्यासारख्यांना मशीनच्या कामाचा थोडा आकस असतो, तो ताईंनी माझ्या मनातनं काढला. त्या म्हणायच्या, मेण खोटं बोलत नाही, मेणात जो दोष आहे तो सोन्यात येणारच, म्हणून जो वेळ घालवायचा तो मेणावर घाल. आजही दोन वडापाव खाईपर्यंत त्यांनी माझ्या फोनमधले फोटो बघून सांगितलं की अंगठीच्या आतल्या बाजूला धातू जाड ठेवलास तर वजन उगाच वाढतं, तिथनं काढ. अर्ध्या तासात घंटा झाली, त्या पळाल्या. बोलणं अर्धंच राहिलं पण भेट झाली.

शनिवार

आजचा दिवस आप्पांचा. चर्नी रोडवरनं बोरिवली लोकल, पुढं दहिसर. आप्पांचं दुकान ठाकूरद्वारला होतं, आता ऐंशी ओलांडली, मुलाकडं असतात. सून दार उघडायला आली आणि आतनं आवाज, "कोल्हापूर आलं का?"

आप्पांबद्दल लिहायचं तर कुठनं सुरू करू कळत नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर. आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐरणीवर बसलेलं नाही. आणि सोनारकाम हे घरातल्या घरात जाणारं काम, बापाकडनं मुलाकडं, डागात काय किती मिसळायचं हे सख्ख्या पुतण्याला सुद्धा सांगत नाहीत अशी घरं मला माहीत आहेत. आप्पांनी मला, परजातीच्या, परगावच्या मुलीला, पहिल्याच महिन्यात समोर बसवून डाग करायला शिकवलं. त्यांच्या भावकीत त्यावरनं बोलणी झाली, ती त्यांनी माझ्यापर्यंत कधी येऊ दिली नाहीत, मला ती सुनेकडनं नंतर कळली.

डाग म्हणजे सोन्याला सोनं जोडताना मध्ये जो धातू वितळवतात तो. शुद्ध सोनं 1064 अंशांना वितळतं, जोड असा हवा की जो दागिन्याच्या आधी वितळेल, म्हणून त्यात तांबं आणि चांदी घालून त्याचा वितळायचा आकडा खाली आणतात. म्हणून जुना दागिना मोडायला दिला की डागापायी कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, कमी भरतो. त्यावर मध्ये केडीएम आलं, म्हणजे 92 टक्के सोनं आणि बाकी कॅडमियम, कस चांगला राहायचा, दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश. पण कॅडमियम 767 अंशांनाच उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या किती तरी आधी त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाते कुठं तर फुंकणी तोंडाला लावून बसलेल्या माणसाच्या छातीत. सगळा बाजार केडीएम वापरत होता तेव्हा आप्पांनी दुकानात ते येऊ दिलं नाही. काही पेढ्यांचं काम त्यापायी गेलं. एवढंच म्हणायचे, "पोरं माझ्या भरवशावर बसलीत." त्यांच्याकडं शिकलेल्या आम्हा सगळ्यांची फुप्फुसं आज धड आहेत, ती आप्पांनी राखली म्हणून. याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही.

जेवण झालं (वालाचं बिरडं, सुनेच्या हाताला काय चव आहे) आणि मी विषय काढला. भाव तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून गिऱ्हाईक 22 कॅरेट परवडत नाही म्हणतं, 18 मागतं, 14 मागतं, आणि 2025 पासून तर 9 कॅरेटलाही हॉलमार्क मिळतो. मला 14 चा हात नाही, पत्रा कडक येतो, मणी ठोकताना तडे जातात, काय करू. आप्पा एकदम सरसावून बसले. म्हणाले, "चौदा कॅरेट मला विचार."

मग त्यांनी 1963 चं सांगितलं. जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी. गिऱ्हाईक 14 चं घ्यायला तयार नाही आणि 22 चं केलं तर गुन्हा. देशभर सोनारांची चूल विझली, कुणी भाजी विकली, कुणी जीव दिला. आप्पा तेव्हा विशीच्या आतले, वडिलांकडं शिकत होते, वडिलांनी त्यांना गिरणीत चिकटवलं आणि स्वतः मात्र बसून बसून 14 कॅरेटवर हात बसवला. संध्याकाळी गिरणीतनं आलं की मुलाला तेच शिकवायचे. पुढं काही वर्षांनी 14 ची अट उठली पण नियंत्रणाचा कायदा 1990 पर्यंत होताच. तेव्हा कायद्यानं जे करायला लावलं ते आता भाव करायला लावतोय, आणि ते शिकवू शकेल असा माणूस दहिसरला तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसलेला आहे!

त्यांनी सुनेला जुनी पेटी आणायला सांगितली. मी नेलेला 14 चा तुकडा त्यांनी आधी नुसता बोटांनी वाकवून बघितला, मग कानाजवळ नेऊन नखानं वाजवला. "हा आत्ताच ओरडतोय, ह्याला ताव पाहिजे." 22 च्या पत्र्याला जितक्या हातोड्या मारून ताव देतो त्याच्या निम्म्यावरच इथं थांबायचं. तापवायचा तो अंधारात, मंद लाल दिसेपर्यंत, त्याच्या पुढं नाही, आणि मग विझवून आधी साफ करायचा, कारण यात तांबं जास्त, काळं पडतं, त्या काळ्यावर डाग धरत नाही. बाल्कनीचा पडदा ओढून, माझ्या छोट्या टॉर्चवर, त्यांनी मला रंग दाखवला. "हा. आता. काढ." परत. "हा. काढ." त्यांचा हात थरथरतो आता, टॉर्च मी धरली होती, पण रंग त्यांनीच ओळखला, दरवेळी माझ्या आधी. मी तिथं आभार मानायला गेले होते आणि आणखी शिकून आले.

मग मणी किती पातळ पत्र्यातनं काढायचे यावर आमचा वाद झाला आणि तो मिटवायला आप्पांनी वही काढली. लाल कापडी बांधणीची. दिलेलं वजन, परत आलेलं वजन, घट. सोनं घडवताना थोडं जातंच, कानशीत, आगीत, पॉलिशला. हिशोबात ते कारागिराच्या मजुरीतनं कापायची रीत आहे. आणि शिकाऊ माणसाच्या हातनं जास्त जातं, कुणाच्याही, म्हणून आधी तांब्यावर, मग चांदीवर बसवतात आणि सोनं शेवटी देतात. पानं उलटताना माझं नाव दिसलं. मी बसले त्या पहिल्या वर्षाच्या नोंदी, प्रत्येक ओळीपुढं घट, गुंजांत लिहिलेली, आणि त्याच्यापुढं प्रत्येक ठिकाणी दोन शब्द, "दुकान खाती". माझ्या पगारातनं कधीच काही कापलं नव्हतं, मला वाटायचं तशी पद्धतच असेल. 96 गुंजांचा जुना तोळा, म्हणजे गुंज साधारण 121 मिलिग्रॅम, दहा ग्रॅमला लाखाचा भाव धरला तरी एका गुंजेचे बाराशे रुपये होतात. वर्षभराच्या ओळी होत्या.

मी म्हटलं आप्पा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. ते म्हणाले, "घट लिहावीच लागते पोरी, नाहीतर सोनं कुठं गेलं कळत नाही. कुणाच्या नावावर टाकायची ते मालकानं ठरवायचं. माझी वडलांनी धरली होती." आणि वही मिटून परत ठुशीच्या मण्यावर आले. मी उठून पाया पडले, बराच वेळ उठता आलं नाही. सूनबाईंनी चहा टाकला.

इतर धंद्यांत शिकवणारा माणूस वेळ देतो. आमच्याकडं तो सोनं देतो, तुमच्या हातनं ते जाणार हे माहीत असताना, आणि गिऱ्हाइकाचं असतं ते, तोलून परत द्यायचं असतं. परतीच्या लोकलमध्ये हेच डोक्यात चाललं होतं. दादांनी दिलेली पाती, ताईंचं मेण, सगळ्यांनी काही ना काही स्वतःच्या खाती टाकलंय आणि त्यातलं किती तरी मला कधीच कळणार नाही.

रविवार

बाजार बंद. सकाळी भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले, 1872 मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम माझं आवडतं. तिथल्या धातूकामासमोर उभं राहिलं की वाटतं, हे ज्यांनी केलं त्यातल्या बहुतेकांची नावं पाटीवर नाहीत. दुपारी मावशीबरोबर चौपाटीवर. पायांना आराम.

सोमवार

दादरला काकींकडं. काकी नथ आणि तन्मणी गाठवतात, दागिना सोनार घडवतो पण मोती अंगावर बसतो तो यांच्या हातानं. मुंबई एकेकाळी आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ, बसरा मोती म्हणतो ते सगळे आखातातलेच. मग जपानी कल्चर मोती आले आणि तो सगळा व्यापार बसला. काकींच्या सासूबाईंनी खरे बसरा गाठवलेत, काकींकडं त्यातले मोजके कागदाच्या पुडीत आहेत, ते त्या शिकणाऱ्या प्रत्येकीच्या तळहातावर एकदा ठेवतात. कळावं म्हणून.

माझी अर्धी नथ त्यांनी खिडकीशी धरली. मोत्याचं वेज, म्हणजे भोक, बारीक, त्यातनं केसासारखी तार जायची, सोन्याच्या दांडीला एक वेढा, मोती बसवायचा, परत एक वेढा आणि टोक दोन मोत्यांच्या मध्ये असं दाबायचं की नाकाला लागणार नाही. माझे मोती एका रांगेत होते पण एका उंचीला नव्हते. काकींनी तीन मोती काढले, त्यांची जागा आपापसात बदलली, परत गाठवले, आणि नथ एकदम डोलायला लागली. मी त्यांना म्हटलं, काकी, हे असं डोळ्यानं दिसायला किती वर्षं लागतात? त्या म्हणाल्या, "अगं, मला पण सासूबाईंनी दाखवलं तेव्हाच दिसलं."

आप्पांच्या वहीचं मी त्यांना सांगितलं. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्याकडं शिकायला कोण आहे?" दोन मुली आहेत म्हटलं, एक कागलची आणि एक माझ्या शेजारची, पण अजून तांब्यावरच आहेत, मोत्याचं मी एकटी किती शिकवणार. तर काकी म्हणाल्या मी येते. चैत्रात. मी लगेच तिथंच बसून फोनवर तारखा बघितल्या. त्यांनी अटी सांगितल्या त्या अशा, उत्तरेच्या खिडकीशी बसायची जागा पाहिजे, दुपारी चारनंतर मोत्याला हात लावणार नाही, मुलींना पहिल्या दिवसापासून खरे मोती द्यायचे, प्लॅस्टिकचे मणी चालणार नाहीत, आणि फुटले तर कुणी बोलायचं नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. महालक्ष्मीला खण-नारळ आणि तांबडा रस्सा हे दोन त्यांनी वरनं जोडले.

रात्रीची गाडी. स्टेशनवर येतानाच कागलच्या मुलीला मेसेज टाकला की आल्यावर वजनकाट्याशेजारी एक नवीन वही आणून ठेव, लाल बांधणीची मिळाली तर बघ.